टेकायच्या झाडाची वही

१

वही गेल्याचं शुक्रवारी सकाळी सहाला कळलं आणि सात वाजायच्या आत अहेन्साक्रोम गावानं चोरही ठरवून टाकला. चोर म्हणजे अबेना दुफिए, शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, वय सहासष्ट. पुरावा एकच, पण भक्कम होता. बाईंच्या पोटात पंचावन्न वर्षं दुखत होतं आणि ते गावातल्या शेळ्यांनासुद्धा माहीत होतं.

दुखत होतं ते प्राध्यापक क्वाद्वो न्साफोआच्या नावानं. दोघं एका वर्गातली. तो पुढे किनाऱ्यावरच्या विद्यापीठात गेला, तिकडचीच बायको केली आणि एका शब्दावर जन्माचं नाव कमावलं. शब्द देवाचा होता. ट्वेरेदुआम्पोन, म्हणजे टेकलं तरी पडू न देणारं झाड. एवढा अर्थ गावातलं शेंबडं पोरही सांगेल. पण हा शब्द आला कुठून, आणि देवाला झाडच का म्हटलं, ह्याचं उत्तर न्साफोआनं पुस्तकात लिहिलं आणि मोठमोठ्या पाद्र्यांनी माना डोलावल्या.

उत्तर असं होतं. डोक्यावर ओझं घेऊन एकटा चालणारा माणूस दमला तरी ओझं खाली ठेवत नाही. ठेवलं, तर परत चढवायला दुसऱ्याचा हात लागतो आणि भर रानात हात आणायचा कुठून? म्हणून तो वाटेवरचं दोन फांद्या फुटलेलं झाड शोधतो, डोक्यावरचं ओझं तसंच त्या बेचक्यात टेकवतो आणि मानेला घटकाभर विसावा देतो. ओझं उतरत नाही, पण माणूस पडतही नाही. जुन्या वाटसरूंनी देवाला ह्या झाडाचं नाव दिलं.

दुफिएबाईंचं म्हणणं होतं की हे उत्तर माझं! सहावीत न्तियामोआ मास्तरांनी प्रश्न विचारला, हात मी वर केला, उत्तर मी दिलं. क्वाद्वो मागच्या बाकावर बसून ऐकत होता. ऐकणारा प्राध्यापक झाला आणि बोलणारी खडू मोजत बसली. बाईंनी हे लग्नांत सांगितलं, बारशांत सांगितलं, मयतांतही सांगितलं. लोक "हो, हो" म्हणायचे आणि बाईंची पाठ वळली की डोळे मिचकावायचे.

तीन आठवड्यांपूर्वी, चर्चच्या शताब्दीसाठी मिशनचा बंगला साफ करताना, एका पत्र्याच्या ट्रंकेत मास्तरांची वही निघाली. देवाधर्माचे शब्द, त्यांचे अर्थ, आणि कोणता अर्थ कोणी सांगितला त्याचं नाव. मास्तर नाव लिहिल्याशिवाय ओळ सोडत नसत. बाईंना त्या दिवशी भूक लागली नाही. पण समितीनं ठरवलं की वही आधी प्राध्यापकच उघडणार आणि रविवारी सगळ्यांसमोर वाचणार. तो मंगळवारी आला, बुधवारी त्यानं वही पाहिली, आणि शुक्रवारी कपाट रिकामं.

साडेसातला निरोप आला. एक, रविवारी मंचावर बाईंची खुर्ची नसेल. दोन, तोवर वही मिळाली नाही, तर म्हातारा ढोलवाला बोफा सगळ्यांदेखत अंडं फोडून चोराला शाप देणार, आणि राजांनी त्याला मान डोलावली आहे.

"देऊ दे शाप," बाई निरोप्याला म्हणाल्या. "मला लागायचा नाही."

पण निरोप्या गेल्यावर त्यांनी दाराला कडी लावली. शाप लागायचा नव्हताच. पण पहिल्यांदा ताप येईल तेव्हा गाव काय म्हणेल?

२

मिशनच्या बंगल्यावर धर्मशिक्षक बोआदू कपाटासमोर उभा होता. पंचेचाळिशीचा माणूस, पण बाईंना पाहताच तिसरीतल्यासारखे हात मागे घेतले.

"टीचर, तुम्ही इथे यायला नको होतं."

"तुला पाढे शिकवायला पण यायला नको होतं. आले. बोल आता, वही शेवटची कधी पाहिलीस?"

"बुधवारी संध्याकाळी. प्राध्यापकांनी परत दिली, मी कुलूप लावलं. किल्ली दारामागच्या खिळ्याला."

"म्हणजे कुलूप लावून किल्ली चोराच्या हातात. शाबास."

बोआदूनं घाम पुसला. "गुरुवारी मी कुमासीला छापखान्यात गेलो. निघताना तुम्ही आत येत होतात. चर्चच्या बायकांनी पाहिलं, ह्याच खोलीत बसलात. एकट्या. पंधरा मिनिटं."

"बसले. सजावटीची यादी द्यायला आले होते, कोणी घ्यायला नव्हतं म्हणून टेबलावर ठेवली. खिडकीतून अंगण पाहिलं आणि घरी गेले." खरंच, पाहण्यासारखं तेवढंच होतं. बायकांनी बुधवारी संध्याकाळी झाडलेलं मोकळं अंगण, मातीवर केरसुणीच्या सरळ रेघा, आणि कोपऱ्यात पाण्याची टाकी.

"लोक म्हणतात तुम्ही जळता, टीचर."

"लोक खरं म्हणतात. तुझं काय? शब्द आपल्या पहिल्या पाद्र्यानं घडवला म्हणून तू पुस्तिका छापलीस ना? हजार प्रती? वहीत वेगळं निघालं असतं तर त्या कुठे ठेवल्या असत्यास, उशाखाली?"

बोआदूचं तोंड एवढंसं झालं. "मी छापखान्यात होतो हो. रात्री आठच्या गाडीनं परत आलो. ड्रायव्हरला विचारा."

बाईंनी ड्रायव्हरलाही विचारलं, कारण शिक्षकाला उत्तर तपासल्याशिवाय झोप येत नाही. बोआदू खरं बोलत होता. बंगल्यातून निघताना त्यांचं लक्ष टाकीकडे गेलं. तिथे तीन क्रोटनची रोपं लावली होती, बुंध्याशी माती अजून ओली. आपल्या यादीतलं एक तरी काम समितीनं केलं म्हणून त्यांना तेवढ्यातही बरं वाटलं. मग त्या बोफाच्या घराकडे वळल्या. शाप देणाऱ्याच्याच घरात चोरीचा माल असला, तर?

३

बोफा ऐंशीचा होता. राजांच्या दोन बोलक्या ढोलांचा मालक, आणि नात्यानं गावातल्या निम्म्या लोकांचा मामा. अंगणात ढोलाच्या दोऱ्या ताणत बसला होता.

"ये गं, चोरटे," तो म्हणाला. "बस. पाणी पी."

"मामा, शाप द्यायच्या आधी सांगा, गुरुवारी तुम्ही कुठे होतात?"

"गुरुवारी माणूस कुठे असतो? घरी! आपल्या ‘असासे या’ देवीचा वार. पृथ्वीमाय गुरुवारची, तिच्या अंगाला त्या दिवशी लोखंड लावायचं नाही. शेत नाही, खणणं नाही. माझा सख्खा भाऊ मागे एका बुधवारी गेला, तर त्याचं थडगंही शुक्रवारपर्यंत थांबलं. घरी बसून दोऱ्या ओवल्या. नऊ नातवंडं साक्षीला आहेत, त्यातलं एक तरी खरं बोलेल."

"चर्चवर राग आहे तुमचा."

"आहेच! हे म्हणतात शब्द चर्चनं आणला. अगं, चर्च शंभर वर्षांचं. माझ्या पणज्याचा ढोल ट्वेरेदुआम्पोन म्हणत होता तेव्हा ह्यांचा पाद्री समुद्रापलीकडे दूध पीत होता. पण वही चोरून मी करू काय? मला वाचता येत नाही. तिचा वास घेऊ?"

बाईंना हसू आलं. बोफानं दोरी सोडली आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"खरं सांग पोरी. क्वाद्वोवर तू जळतेस?"

"जळते."

"मग चोरलीस का वही?"

"तीच तर गंमत आहे मामा. त्या वहीत माझं नाव आहे. मास्तरांनी ते लिहिताना मी पाहिलंय, तेव्हापासून ती वही सगळ्यांसमोर वाचली जावी म्हणून मी जिवंत आहे. ती मी कशाला लपवू?"

बोफानं जरा वेळ ढोलाचं कातडं बोटांनी चाचपलं.

"असं असेल तर तुझ्यावर जळणारं माणूस शोध," तो म्हणाला.

बाईंना ते हास्यास्पद वाटलं. आपल्यावर कोण जळणार? नवरा दहा वर्षांपूर्वी वारला, मूल नाही, निवृत्तिवेतन पंधरवड्यात संपतं. पण त्या बंगल्याकडे परत चालू लागल्या, कारण एक माणूस विचारायचा राहिला होता.

४

क्वाद्वो न्साफोआ बंगल्याच्या पाहुण्यांच्या खोलीत बसला होता. केस पिकलेले, पोट सुटलेलं, पण बाईंना पाहून उठला तो सहावीतल्यासारखाच धडपडत.

"अबेना! मी तुझ्याकडेच यायला निघालो होतो."

"चोराच्या घरी?"

"ऐक आधी. बुधवारी मी वही वाचली. त्या पानावर मास्तरांच्या अक्षरात स्पष्ट लिहिलंय. उत्तर देणारी, अबेना दुफिए, इयत्ता सहावी."

बाई उंबरा ओलांडून आत आल्या. पंचावन्न वर्षं जे म्हणत आलो ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की इतकं हलकं वाटतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. गालावर ओघळलेलं पाणी त्यांनी पुसलंही नाही.

"मला जन्मभर वाटायचं की ते माझ्या आजीचं बोलणं," तो म्हणाला. "ती कोला फळांची टोपली डोक्यावर घेऊन उत्तरेच्या बाजारांपर्यंत चालत जायची ना. पण मास्तरांची शाई खोटं बोलणार नाही. मी ठरवलं होतं की रविवारी सगळ्यांसमोर तुझं नाव घ्यायचं. सांगायचं, हे पुस्तक अबेनाचं आहे."

हलकेपणा गेला आणि त्याच्या जागी संताप आला.

"वा! आणि नेमकी दुसऱ्या दिवशी वही नाहीशी? सोयीचं आहे, क्वाद्वो. कबुली मला एकटीला द्यायची, आणि गावासमोर चोरही मीच!"

"त्यांना तसं बोलू नका."

आवाज मागून आला. प्राध्यापकाची बायको अराबा पाण्याचा पेला घेऊन उभी होती. किनाऱ्यावरची बाई, उंच, नीटनेटकी, बाईंच्याच वयाची. जन्मवारही मंगळवारच, आणि नावं इथे जन्मवारावरूनच पडतात. ज्या वारच्या मुलीला इकडे अबेना म्हणतात, त्याच वारच्या मुलीला तिकडे अराबा म्हणतात. न्साफोआनं बायकोसुद्धा मंगळवारचीच केली, हे दुफिएबाईंना आजवर कोणी सांगावं लागलं नव्हतं. तिची मान कशी ताठ, तिचं लुगडं कसं भारी, हे त्यांनी मंगळवारीच मोजून ठेवलं होतं.

"गुरुवारी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत हे दरबारात होते," अराबा म्हणाली. "राजांच्या शेजारी. वीस माणसं सांगतील."

"आणि मॅडम, तुम्ही?"

"माझं डोकं दुखत होतं. पडून होते."

बाई निघाल्या. कितीही राग आला तरी पाहुणीला रिकाम्या शब्दांनी सोडायचं नाही, ही आईची शिकवण म्हणून बाई जाता जाता म्हणाल्या, "टाकीजवळचे क्रोटन छान दिसतात. माझ्या दारची बोगनवेल पाठवते, शेजारी लावून टाका आजच. रविवारपर्यंत तग धरेल."

"आज नको, टीचर," अराबा चटकन म्हणाली. "उद्या लावीन."

५

शनिवारी सकाळी बाई मक्याची पेज ढवळत होत्या. एकटीपुरती पेज, ढवळायला फार वेळ लागत नाही, पण त्या ढवळतच राहिल्या.

आज नको. का बरं नको? शुक्रवारची संध्याकाळ, ऊन उतरलेलं, माती मऊ. रोप लावायला त्याहून चांगली वेळ कोणती?

पळी थांबली.

शिक्षिका व्हायच्या वर्षी वसतिगृहात त्यांच्या शेजारच्या खाटेवर किनाऱ्यावरची एक मुलगी होती. शुक्रवारी बागेचा तास असला की ती खुरपं हातात धरत नसे. मार खाल्ला, पण धरलं नाही. आमची पृथ्वी शुक्रवारची, म्हणायची. तुमची असासे या, आमची असासे एफुआ. आणि हीच मुलगी गुरुवारी मात्र बेधडक खणायची आणि इकडच्या सगळ्या मुली कानांवर हात ठेवायच्या.

पेज करपायला लागली होती. बाईंनी भांडं उतरवलं आणि वर्गात फळ्यावर मांडावं तसं मनात मांडलं. गुरुवारी दहा वाजता अंगण मोकळं होतं. मी स्वतः पाहिलं. शुक्रवारी सकाळी टाकीजवळ तीन क्रोटन, आणि सहापासून तिथे गर्दी, तेव्हा खणणारा लपला नसता. म्हणजे माती गुरुवारी खणली. गावाला वाटतं बुधवारी लावली असतील, कारण गुरुवारी कोणी खणेल हे गावाच्या डोक्यातच येत नाही. बोआदू पाद्र्यापेक्षा जास्त ख्रिस्ती, पण तोही गुरुवारी कुदळ धरणार नाही. क्वाद्वो इथलाच, शिवाय तो दरबारात. गुरुवारी बेधडक खणणारी आणि शुक्रवारी "आज नको" म्हणणारी अख्ख्या गावात एकच बाई होती. आणि ती तर म्हणते, गुरुवारी पडून होते; मग खड्डा नुसत्या रोपांसाठी नव्हता.

कोंबडं झाकून ठेवलं तरी उजाडायचं राहत नाही. बाईंनी खुरपं घेतलं.

६

क्वाद्वो आंघोळीला गेला होता. अराबा ओट्यावर त्याचा सदरा दुमडत बसली होती. बाई सरळ टाकीपाशी गेल्या आणि मधल्या क्रोटनशेजारी खुरपं मातीत रोवलं.

"बोगनवेल लावायला आले," त्या म्हणाल्या. "आज शनिवार. तुमच्याकडेही चालतो, आमच्याकडेही. इथे खणू की ह्या रोपाखाली?"

अराबाच्या हातातला सदरा खाली पडला.

"तुम्ही गुरुवारी खणलंत, मॅडम. आमच्याकडे गुरुवारी कोणी थडगंही खणत नाही. तुम्हाला ते ठाऊक नव्हतं. आणि शुक्रवारी मी रोप लावा म्हटलं, तर तुमचा हात आखडला, कारण तो तुमचा वार. वार चुकला म्हणून सापडलात."

अराबानं बंगल्याकडे पाहिलं, मग बाईंच्या शेजारी येऊन मातीतच बसली. तिनंच हातांनी रोप उपटलं. खाली बिस्किटांचा डबा होता, डब्यात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली वही.

"जाळायची होती," ती म्हणाली. "पण चूल चर्चच्या बायकांच्या ताब्यात. ट्रंकेत ठेवावी तर हे सदरा काढायला उघडतात. आणि खरं सांगू? मास्तरांचं अक्षर पाहून जाळवलीही नसती."

"नवऱ्याचं नाव वाचवायला केलंत?"

"नाव? त्यांच्या नावाची काळजी त्यांना नाही, मी कशाला करू!" अराबाचा आवाज चिरकला. "तुझ्यापायी केलं. तुझ्यामुळे. ह्यांचा प्रबंध मी तीनदा टाइप केला, पोटात मूल असताना, त्या मोडक्या मशीनवर. एक शब्द आभाराचा नाही. आणि घरात रोज काय? अबेना असती तर असं म्हणाली असती. अबेनाला हे पटलं नसतं. आमची मुलगी मंगळवारी झाली. मी अराबा ठेवणार होते, माझ्या आईचंही तेच नाव. हे म्हणाले, अबेना. चाळीस वर्षं माझ्याच मुलीला मी तुझ्या नावानं हाक मारते! आणि बुधवारी ती वही वाचून हे लहान मुलासारखे रडले. म्हणाले, रविवारी अख्ख्या गावासमोर सांगणार, माझं सगळं काम अबेनाचं. मग माझं काय होतं ह्या घरात?"

दुफिएबाईंना वाईट वाटायला हवं होतं. वाटलं ते भलतंच. छातीत एक गोड ऊब पसरली, आणि तिची लाजही वाटली. जिच्या ताठ मानेवर आपण जळत होतो ती चाळीस वर्षं आपल्यावर जळत होती. बोफानं बरोबर ओळखलं होतं.

"आता सांग सगळ्यांना," अराबा म्हणाली. "तुझा हक्क आहे."

"कोणी खणलं ते मी सांगणार नाही," बाई म्हणाल्या. "वही मात्र उद्या वाचली जाईल. माझ्या नावासकट."

वही छातीशी धरून त्या रस्त्यानं निघाल्या, तेव्हा त्यांची मानही बरीच ताठ झाली होती.

७

दार लावून बाईंनी वही उघडली. पान सापडायला वेळ लागला नाही. मास्तरांचं उजवीकडे झुकलेलं अक्षर. ट्वेरेदुआम्पोन. खाली ते उत्तर, आणि शेवटी, उत्तर देणारी, अबेना दुफिए. त्यांनी ते दहा वेळा वाचलं. अकराव्या वेळी बोटाला लागलं की पान जरा जाड आहे.

दोन पानं होती. ओल लागून चिकटलेली. भाजी चिरायच्या सुरीनं त्यांनी ती हळूहळू सोडवली. मागच्या बाजूला चारच ओळी होत्या.

"उत्तर अबेनाचे नव्हे. मागच्या बाकावरून क्वाद्वो न्साफोआने तिच्या कानात सांगितले, ते मी ऐकले. वर्षभरात तिने प्रथमच हात वर केला होता आणि मध्येच अडली होती. परत कधी केला नसता, म्हणून नाव तिचे लिहिले. दोघांना मोठेपणी सांगावे."

मास्तर त्याच वर्षी पावसाळ्यात वारले होते.

बाईंनी सुरी खाली ठेवली. मग कानामागे काहीतरी आठवलं. गरम श्वास, कोला चघळल्याचा वास आणि घाईघाईनं सांगितलेले शब्द, ओझं उतरवत नाहीत, टेकवतात. त्यांचे वडील शिंपी. आई भट्टीपाशी बसून पाव विकायची. गिऱ्हाईक दारात यायचं. घरात डोक्यावर ओझं घेऊन रान तुडवणारं कोणी नव्हतंच. मग बेचक्याचं झाड अकरा वर्षांच्या पोरीला ठाऊक होणार कुठून? एवढा साधा प्रश्न पंचावन्न वर्षांत त्यांनी स्वतःला विचारला नव्हता. विचारायचं टाळलं होतं.

हे पान अराबानं पाहिलं नव्हतं, क्वाद्वोनंही नाही. जगात एकट्या त्यांनाच माहीत होतं. बाई उठल्या, कसाव्याच्या पिठाची चिमूटभर खळ शिजवली आणि बोटावर घेतली. एक बोट फिरवलं की पान होतं तसं.

८

रविवारी पहाटेपासून बोफाचे ढोल बोलत होते. चर्च आणि बंगल्याच्या सामाईक अंगणात मांडव, राजे छत्रीखाली, मंचावर समिती. बोफा पुढे येऊन उभा राहिला. त्याच्या तळहातावर अंडं होतं.

दुफिएबाई मंचाच्या पायऱ्या चढल्या तेव्हा कुजबुज उठली. बोआदू अडवायला उठला आणि बाईंनी नुसतं पाहताच बसला. त्यांनी वही क्वाद्वोच्या हातात दिली.

"पान काढून दिलंय," त्या म्हणाल्या. "दोन्ही बाजू वाच. मोठ्यानं."

त्यानं पहिली बाजू वाचली. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. म्हणजे टीचर खरंच बोलत होत्या? मग त्यानं पान उलटलं, आणि तीन ओळी वाचून थांबला. चौथी ओळ त्याला वाचवेना, तेव्हा बाईंनीच म्हटली. पाठ झाली होती.

क्वाद्वोनं वही मिटली.

"मला आठवत नव्हतं, अबेना," क्वाद्वो म्हणाला. "देवाशप्पथ."

"मलाही नव्हतं," बाई म्हणाल्या. मग लोकांकडे वळल्या. "पंचावन्न वर्षं मी ह्याला उत्तरचोर म्हटलं. तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय. उत्तर ह्याच्या आजीचं. ते मला ह्यानं दिलं, आणि पुढे ते पुस्तकात गेलं ते एका बाईच्या हातून. तिनं तीनदा टाइप केलं, पोटात मूल असताना. वाचायचीच असतील तर तिघींची नावं वाचा. आजीचं, अराबाचं आणि उरलंच तर माझं."

"वही होती कुठे?" कोणीतरी ओरडलं.

"पृथ्वीपाशी होती. तिनंच परत दिली."

बोफानं अंगणाच्या कोपऱ्याकडे पाहिलं. टाकीजवळ आता दोनच क्रोटन होते आणि एक बोगनवेल. मग त्यानं पहिल्या बाकावरच्या, किनाऱ्यावरून आलेल्या बाईकडे पाहिलं, बोटांवर काहीतरी मोजलं आणि मान हलवली.

"स्वतःविरुद्धचं पान जी स्वतः आणून देते ती चोर नसते," तो म्हणाला. "शाप नाही. पण पृथ्वीला भलत्या वारी कोणीतरी त्रास दिलाय, तिची समजूत घालायला हवी." आणि त्यानं ते अंडं टाकीजवळ नेऊन मातीवर फोडलं. का, ते त्याला कोणी विचारलं नाही.

मंचावर खुर्ची नव्हती. बाई खाली उतरल्या. पहिल्या बाकावर अराबा सरकली आणि पदरानं जागा पुसली.

"बस," ती हळूच म्हणाली. "बाई गं, ते मागचं पान मी पाहिलं असतं, तर वही डोक्यावर घेऊन गावभर नाचले असते."

"म्हणून तर देव तुला ते दिसू देत नव्हता," बाई म्हणाल्या.

अराबा तोंडाला पदर लावून हसली. हसता हसता तिचे डोळे भरले. मंचावर क्वाद्वो आजीबद्दल सांगत होता, टोपलीबद्दल, रानातल्या वाटेबद्दल. लोक ऐकत होते, आणि दुफिएबाईंना पहिल्यांदाच त्याचं बोलणं नुसतं ऐकू येत होतं. पोटात काहीच दुखत नव्हतं. त्यांनी सवयीनं ते दुखणं शोधून पाहिलं. उद्या सकाळी उठून पेज ढवळताना कोणावर चिडायचं, कोणासाठी ताठ चालायचं? पंचावन्न वर्षांचं ओझं त्यांनी आज खाली ठेवलं होतं, आणि परत डोक्यावर चढवायचं म्हटलं तरी हात लावणारं आता कोणी उरलं नव्हतं.

त्यांना मान अवघडल्यासारखी झाली. शेजारी अराबाचा खांदा होता. बाईंनी क्षणभर विचार केला, आणि टेकल्या.